रेणूचें वजन आणि रेणूची ओळख

सराफाच्या पेढीवरील नाजूक तराजू पारड्यांत टाकलेल्या जिनसाचें वजन गुंजेच्या अंशापर्यंत बरोबर सांगतो. परंतु तो जिन्नस सोनें आहे कीं पितळ आहे, हें मात्र तो सांगत नाहीं. त्यासाठीं सराफाला कसोटीचा दगड हातीं घ्यावा लागतो. वजनावरून परिमाण कळतें, कसावरून ओळख पटते, आणि ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, अशी व्यवहाराची समजूत आहे. विज्ञानानें मात्र गेल्या शंभर वर्षांत असा एक तराजू सिद्ध केला आहे कीं, त्याच्यापुढें अदृश्य रेणु ठेवले असतां केवळ त्यांच्या वजनावरून ते कोणत्या मूलद्रव्यांचे व किती अणूंचे बनलेले आहेत, हें पुष्कळदां उमगतें. हाच तराजू आज मनुष्याच्या रक्तांतील व मूत्रांतील द्रव्यें ओळखण्याच्या कामीं लावलेला आहे. जगांतील अनेक देशांत नवजात बालकाच्या टांचेंतून काढलेले रक्ताचे थोडे थेंब असल्याच यंत्रापुढें जातात, आणि यंत्राच्या उत्तरावर त्या बालकाच्या दुधाचा, औषधाचा व कधीं कधीं प्राणाचाही निर्णय अवलंबून असतो. तेव्हां हा तराजू काय सांगूं शकतो आणि काय सांगूं शकत नाहीं, याचा विचार केवळ शास्त्रज्ञांनींच करावा असें नाहीं. सुशिक्षित गृहस्थ व गृहिणी यांनाही तो उपयोगी पडण्यासारखा आहे.

अन्नाचा घांस पोटांत गेल्यापासून त्याचें सारखें रूपांतर चाललेलें असतें. भातांतील पिष्टापासून ग्लूकोज नांवाची साखर होते. वरणांतील प्रथिनांपासून अमिनो आम्लें होतात. त्यांचे पुन्हां लहान तुकडे होतात, कांहीं जळून शक्ति देतात, कांहीं नव्या घडणीस लागतात, व उरलेलें तें मूत्रावाटें बाहेर जातें. ह्या घडामोडीस चयापचय म्हणतात. तिच्या प्रत्येक पायरीवर एक नवें द्रव्य जन्मास येतें आणि पुढील पायरीवर तें नाहींसें होतें. प्रत्येक पायरीसाठीं शरीरानें एक एक एन्झाइम नेमलेलें असतें. एखादें एन्झाइम जन्मतःच सदोष असलें म्हणजे, पाटाचें दार बंद केल्यावर जसें पाणी अलीकडे तुंबतें आणि बांध फोडून भलत्याच शेतांत शिरतें, तसा प्रकार होतो. अलीकडचें द्रव्य रक्तांत सांचतें, आणि मेंदूसारख्या कोमल अवयवास त्याची बाधा होते. म्हणून कोणतें द्रव्य सांचलें आहे हें ओळखणें म्हणजेच रोगाचें मूळ शोधणें होय. मधुमेही मनुष्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात ही गोष्ट भारतीय वैद्यांच्या प्राचीन काळींच ध्यानांत आली होती; चयापचयांतील द्रव्य ओळखण्याची ती एक अगदीं साधी रीत होती.

ह्या शास्त्रांतील एक उत्कृष्ट उदाहरण नॉर्वे देशांत १९३४ सालीं घडलें. ओस्लो येथें डॉ. आस्ब्यर्न फोलिंग नांवाचे वैद्य होते. त्यांनीं प्रथम रसायनशास्त्राचें शिक्षण घेतलें होतें व नंतर वैद्यकाचें. एक माता आपलीं दोन मुलें घेऊन त्यांच्याकडे आली. दोन्ही मुलें जन्मतः निरोगी दिसत होतीं. परंतु पुढें दोघांचीही बुद्धि खुंटली, आणि त्यांच्या अंगास एक चमत्कारिक वास येत असे. अनेक वैद्यांचे उंबरठे झिजवूनही तिला कोणी कारण सांगूं शकलें नव्हतें. फोलिंग यांनीं मुलांचें मूत्र तपासलें. मधुमेहाच्या रोग्यांतील एका विशिष्ट आम्लाची परीक्षा करण्यासाठीं मूत्रांत फेरिक क्लोराइड टाकण्याची तेव्हां वहिवाट होती. तें आम्ल असल्यास तांबूस रंग येतो. येथें मात्र गर्द हिरवा रंग आला आणि थोड्या वेळानें विरून गेला.

हा रंग एखाद्या औषधामुळें तर आला नसेल? हा प्रश्न फोलिंग यांनीं प्रथम विचारला, आणि आठवडाभर मुलांस कसलेंही औषध न देतां पुन्हां मूत्र आणावयास मातेस सांगितलें. हिरवा रंग कायम राहिला. मग पुष्कळसें मूत्र जमवून, त्यांतून तें अज्ञात द्रव्य वेगळें काढून, त्याचे शुद्ध स्फटिक त्यांनीं तयार केले. ते जाळून त्यांतील घटकांचें प्रमाण काढलें, तेव्हां रेणूंत कार्बनचे ९, हायड्रोजनचे ८ व ऑक्सिजनचे ३ अणु आहेत असें ठरलें. त्यावरून व त्याच्या इतर गुणांवरून तें फेनिलपायरुव्हिक आम्ल असावें असा त्यांचा तर्क झाला. परंतु तर्कावर ते थांबले नाहींत. त्यांनीं ह्या आम्लाचा शुद्ध नमुना मिळविला, आपले स्फटिक त्यांत मिसळले, आणि मिश्रण किती उष्णतेस वितळतें तें पाहिलें. दोन भिन्न द्रव्यें मिसळलीं तर मिश्रण लवकर वितळूं लागतें. द्रव्य एकच असेल तर वितळण्याचें तापमान ढळत नाहीं. तें ढळलें नाहीं, आणि ओळख पटली. त्यानंतर मतिमंदांच्या संस्थांतील ४३० जणांची तपासणी करून फोलिंग यांनीं आणखी ८ जणांत हाच दोष शोधून काढला. हाच रोग पुढें फेनिलकीटोनमेह म्हणून जगप्रसिद्ध झाला, आणि १९५३ सालीं बर्मिंगहॅम येथें डॉ. हॉर्स्ट बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विशिष्ट आहारानें त्यावर उपाय करतां येतो असें दाखवून दिलें.

फोलिंग यांच्या कामाच्या तीन पायऱ्या होत्या. रंगावरून संशय आला, ही पहिली. रेणूंत कोणते अणु किती आहेत हें ठरलें, ही दुसरी. ज्ञात नमुन्याशीं मेळ घातला, ही तिसरी. आजचें यंत्र ह्यांपैकीं दुसरी पायरी अतिशय त्वरेनें चढतें. फोलिंग यांना जेथें मुबलक मूत्र व बरेच दिवस लागले, तेथें आज एका थेंबाचा अंश व कांहीं मिनिटें पुरतात. हें कसें साधतें तें आतां पाहावयाचें आहे.

शास्त्रीय भाषेंत वजन व वस्तुमान हीं भिन्न आहेत, परंतु येथें बोलण्याच्या सोयीसाठीं वजन हाच शब्द वापरण्यास हरकत नाहीं. अणूंचीं वजनें मोजण्यासाठीं कार्बनच्या सर्वांत विपुल अशा जातीच्या अणूचें वजन बरोबर १२ मानावयाचें, असा १९६१ सालापासून सर्वत्र संकेत आहे. ह्या मापानें हायड्रोजनचा अणु १.००७८ भरतो, नायट्रोजनचा १४.००३१ भरतो व ऑक्सिजनचा १५.९९४९ भरतो. कोणी विचारील कीं, हे अपूर्णांक कोठून आले? सर्व अणूंचीं केंद्रें प्रोटॉन व न्यूट्रॉन ह्या दोनच जातींच्या कणांचीं बनलेलीं असतात, मग वजनें पूर्णांकांतच कां येत नाहींत? त्याचें कारण असें कीं, कण एकत्र बांधले जातांना त्यांच्या वजनाचा थोडा भाग शक्तिरूपानें निघून जातो. वस्तुमान व शक्ति हीं परस्परांत बदलूं शकतात हा आइन्स्टाइन यांचा १९०५ चा सिद्धांत येथें प्रत्यक्ष तराजूवर दिसतो. प्रत्येक जातीच्या केंद्रांतील बंधन कमीअधिक घट्ट असल्यामुळें ही तूटही निरनिराळी असते. म्हणून प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला स्वतःचा असा एक अपूर्णांक चिकटलेला असतो.

ही गोष्ट प्रत्यक्ष मापून दाखविण्याचें श्रेय केंब्रिज येथील फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांना आहे. त्यांनीं १९१९ सालीं मास स्पेक्ट्रोग्राफ हें यंत्र बनविलें. विद्युद्भारित अणूंना विद्युत् व चुंबक यांच्या प्रभावांतून जावयास लावलें म्हणजे हलके अणु अधिक वळतात व जड अणु कमी वळतात, ह्या तत्त्वावर त्याची रचना होती. १९२२ सालीं त्यांना रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि १९२७ च्या सुमारास अधिक सूक्ष्म यंत्रानें त्यांनीं अणूंच्या वजनांतील हे लहान अपूर्णांक पद्धतशीर मोजले. अणूसाठीं निघालेली ही युक्ति पुढें रेणूंनाही लागू पडली; मँचेस्टर येथील जॉन बेनन यांनीं १९५४ सालीं, रेणूचें वजन पुरेसें अचूक मोजल्यास त्यावरून त्याचें घटकसूत्र काढतां येतें, हें मांडलें.

एका साध्या उदाहरणानें त्यांतील मर्म ध्यानांत येईल. नायट्रोजन वायूचा रेणु, कोळशाच्या धुरांतील विषारी कार्बन मोनॉक्साइडचा रेणु आणि फळें पिकविणाऱ्या एथिलीनचा रेणु, ह्या तिन्हींचें वजन ढोबळ मानानें २८ आहे. साध्या तराजूला ते तिन्ही एकच. परंतु चार दशांश स्थळांपर्यंत मोजल्यास नायट्रोजन २८.००६१ भरतो, कार्बन मोनॉक्साइड २७.९९४९ भरतो व एथिलीन २८.०३१३ भरतो, तिघांचीं तोंडें स्पष्ट वेगळीं दिसूं लागतात. शरीरांतील द्रव्यांचेंही असेंच आहे. मूत्रांतील युरिया आणि शिर्क्यांतील अ‍ॅसेटिक आम्ल हीं दोन्ही ढोबळ वजनानें ६०; पण युरिया ६०.०३२४ व अ‍ॅसेटिक आम्ल ६०.०२११. ग्लूटामीन व लायसीन हीं दोन अमिनो आम्लें ढोबळ वजनानें १४६. पण पहिलें १४६.०६९१ व दुसरें १४६.१०५५. पूर्णांक तोच राहून अपूर्णांकानें भेद उघड केला.

इतकी सूक्ष्मता साधणें मात्र सोपें नाहीं. प्रथम रेणूवर विद्युद्भार चढवून त्याला वायुरूपांत मोकळा करावा लागतो. नाजूक रेणु उष्णतेनें मोडतात, म्हणून हें काम फार काळ अडून राहिलें होतें. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन फेन यांनीं द्रवाचा विद्युद्भारित सूक्ष्म तुषार उडवून रेणु न मोडतां तरंगत ठेवण्याची रीत सिद्ध केली, व त्याबद्दल त्यांना २००२ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. त्यानंतर निर्वात पोकळींत प्रत्यक्ष मोजणी होते. एका जातीच्या यंत्रांत सर्व रेणूंना विजेचा सारखाच रेटा देऊन धांवावयास लावतात. हलका पुढें जातो, जड मागें राहतो, आणि पोंचण्याच्या वेळेवरून वजन निघतें. अलेक्झांडर माकारॉव्ह यांनीं २००० सालीं वर्णिलेल्या ऑर्बिट्रॅप नांवाच्या दुसऱ्या जातीच्या यंत्रांत रेणु चातीसारख्या एका धातूच्या दांड्याभोंवतीं फिरतां फिरतां मागेंपुढें झुलतात; त्या झुलण्याच्या गतीवरून वजन काढतात. चांगल्या यंत्राची चूक दशलक्षांत ५ भागांहून कमी असते. ६० किलो वजनाच्या मनुष्यास तोलतांना एक तृतीयांश ग्रॅमचीही, म्हणजे तांदळाच्या मोजक्या दाण्यांइतकीही चूक न व्हावी, अशी ही अचूकता आहे.

एवढ्या सूक्ष्म हिशेबांत लहानसहान गोष्टीही विसरून चालत नाहीं. यंत्रापुढें येणारा रेणु क्वचितच एकटा येतो; बहुधा तो एक प्रोटॉन चिकटवून घेऊन येतो व त्यामुळें वजनांत १.००७३ ची भर पडते. कधीं मिठांतील सोडियम त्याला चिकटतो व भर २२.९८९२ ची होते, १८०.०६३४ वजनाचें ग्लूकोज मग २०३.०५२६ ह्या वजनावर दिसतें, आणि अननुभवी माणूस तें नवेंच द्रव्य समजून बसतो. धनभारित झालेल्या रेणूंत एक इलेक्ट्रॉन कमी असतो. त्याचें वजन केवळ ०.०००५५, परंतु युरियासारख्या लहान रेणूच्या बाबतींत तें वजा करावयाचें राहिलें तर दशलक्षांत सुमारें ९ भागांची चूक होते, म्हणजे यंत्राच्या सर्व अचूकतेवर पाणी पडतें.

यंत्र कितीही सूक्ष्म झालें तरी एक अडचण उरतेच. रेणु लहान असला म्हणजे एका वजनाशीं जुळणारें घटकसूत्र बहुधा एकच निघतें. रेणु मोठा होत जातो तसतशा अणूंच्या जुळण्या वाढत जातात, आणि एकाच वजनाच्या अगदीं जवळ अनेक सूत्रें गर्दी करतात. कॅलिफोर्नियांतील टोबियास किंड व ऑलिव्हर फीन यांनीं २००६ सालीं असें दाखविलें कीं, चूक दशलक्षांत एका भागाहून कमी असली तरी केवळ वजनावरून सूत्र निश्चित होईल अशी खात्री देतां येत नाहीं. त्यावर एक उपाय निसर्गानेंच ठेवलेला आहे. कार्बनच्या अणूंपैकीं शेंकडा सुमारें १.१ अणु १३ वजनाचे असतात. त्यामुळें प्रत्येक रेणूच्या मुख्य नोंदीशेजारीं सुमारें एक मापानें जड अशी एक फिकट सोबतीण दिसते. रेणूंत कार्बनचे अणु ९ असतील तर ती मुख्य नोंदीच्या शेंकडा १० च्या आसपास भरते, आणि ६ असतील तर ६ ते ७ भरते. मुख्य व सोबतीण यांचें प्रमाण पाहून कार्बनच्या अणूंचा अंदाज बांधतां येतो व पुष्कळ खोटीं सूत्रें गळून पडतात.

अशा रीतीनें सूत्र हातीं आलें म्हणजे दुसरी पायरी संपली. येथेंच पुष्कळांची समजूत होते कीं, द्रव्य ओळखलें गेलें. ती समजूत चुकीची आहे. सूत्र म्हणजे घराला लागलेल्या विटांची, वाशांची व कौलांची यादी होय. त्या सामानाचें देऊळ बांधलें कीं धर्मशाळा बांधली, हें यादीवरून कळत नाहीं. ग्लूकोज, द्राक्षांत व मधांत त्याच्या जोडीला असणारें फ्रुक्टोज, आणि दुधांतील साखरेपासून निघणारें गॅलॅक्टोज, ह्या तिघांतही कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ व ऑक्सिजनचे ६ असेच अणु आहेत. वजन तिघांचें १८०.०६३४, त्यांत दहा दशांश स्थळें वाढविलीं तरी फरक पडावयाचा नाहीं. पण ज्या बालकाला गॅलॅक्टोज पचविण्याचें एन्झाइम नाहीं, त्याला ग्लूकोज हें अन्न आणि गॅलॅक्टोज हें विष होय. अशा समान सूत्राच्या परंतु भिन्न रचनेच्या द्रव्यांना समघटक म्हणतात, आणि शरीरांत त्यांचा सुकाळ आहे.

फोलिंग यांच्याच आम्लाची गोष्ट घ्यावी. फेनिलपायरुव्हिक आम्लाचें वजन १६४.०४७३ आहे. अनेक वनस्पतींत, म्हणून फळें, धान्य व भाजीपाला यांतही आढळणाऱ्या पॅरा-कूमॅरिक आम्लाचें सूत्र तेंच आणि वजनही तेंच. पहिलें बुद्धिनाशक रोगाची खूण, दुसरें साध्या भाजीभाकरीचा अंश. आजचें उत्तमांतलें उत्तम यंत्र १९३४ सालीं फोलिंग यांच्या हातीं असतें, तरी केवळ वजन पाहून ते ह्या दोहोंत निवड करूं शकले नसते. ज्या पायरीनें निश्चय झाला ती तिसरी पायरी होती, म्हणजे ज्ञात नमुन्याशीं घातलेला मेळ.

ही गोष्ट केवळ पंडितांच्या वादाची नव्हे, हें नवजात बालकांच्या तपासणींतील एका प्रकारावरून दिसून येईल. आयसोव्हॅलेरिक आम्लाचा एक रोग १९६६ सालीं बोस्टन येथील संशोधकांनीं वर्णिला. प्रथिनांतील ल्यूसीन ह्या अमिनो आम्लाच्या चयापचयांत एक एन्झाइम सदोष असल्यामुळें तें आम्ल अंगांत सांचतें. तीव्र स्वरूपाच्या रोगांत बालक जन्मानंतर थोड्याच दिवसांत दूध पिणें सोडतें, ओकूं लागतें, त्याच्या अंगास घामट पायांसारखा वास येतो आणि तें बेशुद्धींत जातें. वेळेवर ओळखलें तर प्रथिनें बेतानें देऊन व ग्लायसीन आणि कार्निटीन हीं द्रव्यें देऊन त्याला वांचवितां येतें. अंगांतील जादा आम्ल कार्निटीनला जोडलें जाऊन रक्तांत येतें. ह्या जोडरेणूचें वजन २४५.१६२७. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाच्या डेव्हिड मिलिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९० सालीं असे जोडरेणु रक्ताच्या वाळलेल्या थेंबांतून मोजून नवजात बालकांची तपासणी करण्याचा मार्ग दाखविला. त्या मार्गानें जगभर पुष्कळ बालकांचे रोग वेळींच उघडकीस आले, ह्यांत संशय नाहीं.

परंतु १९९८ सालीं अर्जेंटिनांतील वैद्यांनीं एक निराळाच प्रकार प्रसिद्ध केला. एका बालकाच्या रक्तांत हाच जोडरेणु वाढलेला दिसला आणि रोगाचा संशय आला. पण बालकास तो रोग नव्हता. रक्तांत पिव्हॅलिक आम्लाचा जोडरेणु होता. कांहीं जंतुनाशक औषधें आंतड्यांतून नीट शोषलीं जावींत म्हणून त्यांस पिव्हॅलिक आम्ल जोडलेलें असतें; शरीरांत तें सुटें होतें आणि कार्निटीनचा हात धरून बाहेर पडतें. पिव्हॅलिक व आयसोव्हॅलेरिक हीं दोन्ही आम्लें कार्बनच्या ५ अणूंचीं. एकांत मधल्या एका कार्बनभोंवतीं सारे दाटीनें बसलेले, दुसऱ्यांत फाटा फुटलेली सांखळी; एवढाच भेद. जोडरेणूचें वजन दोन्हींकडे २४५.१६२७. पुढें २०१४ सालीं बेल्जममधील वैद्यांनीं तर असें नमूद केलें कीं, बाळास पाजणाऱ्या मातांनीं स्तनाग्रांस लावलेल्या मलमांतूनही ह्याच जातीचें द्रव्य बाळाच्या रक्तांत उतरून असाच खोटा संशय येतो. औषध बंद करून पुन्हां मूत्र आणावयास सांगणाऱ्या फोलिंग यांची सावधगिरी साठ व ऐशीं वर्षांनंतरही जुनी झालेली नव्हती.

अशा वेळीं दोन्ही बाजूंस अनर्थ उभा असतो. संशय खरा मानला, तर निरोगी बालकाचें दूध तोडलें जाण्याचा आणि नुकत्याच प्रसूत झालेल्या मातेच्या जिवास घोर लागण्याचा प्रसंग. संशय खोटा मानून सोडून दिला, तर जें बालक खरोखरच रोगी असेल त्याच्या प्राणावर संकट. वजनाचा आंकडा दोघांच्याही कागदावर एकच असतो.

ह्यांतून वाट कशी निघते? पहिला उपाय वर्णलेखनाचा. रक्तांतील द्रव्यें सूक्ष्म कणांनीं भरलेल्या एका बारीक नळींतून द्रवाबरोबर जाऊं देतात. बाजारपेठेंतून निघालेल्या दोन माणसांपैकीं ज्याच्या ओळखी अधिक तो दुकानादुकानापुढें थांबत जातो आणि ज्याला कोणी ओळखत नाहीं तो सरळ पुढें निघून जातो. त्याप्रमाणें नळींतील कणांशीं ज्याची अधिक सलगी तें द्रव्य उशिरां बाहेर येतें. पिव्हॅलिक व आयसोव्हॅलेरिक यांचे जोडरेणु वजनानें अभिन्न असले तरी योग्य नळींतून वेगवेगळ्या वेळीं बाहेर पडतात, आणि कोडें सुटतें. दुसरा उपाय रेणु फोडून त्याच्या तुकड्यांचीं वजनें करण्याचा. नारळ व बेल बाहेरून सारखेच वाटोळे असले तरी फोडल्यावर शंका राहत नाहीं. तसेच भिन्न रचनेचे रेणु पुष्कळदां भिन्न ठिकाणीं फुटतात. मात्र हाही उपाय सर्वत्र चालत नाहीं, कारण ल्यूसीन व आयसोल्यूसीन ह्या जुळ्या भावंडांचे मुख्य तुकडेसुद्धां सारख्याच वजनाचे असतात.

म्हणून शेवटीं शुद्ध नमुन्यासच साक्षीस बोलवावें लागतें. संशयित द्रव्य व त्याचा ज्ञात नमुना एकाच यंत्रांत, एकाच रीतीनें चालवून, निदान दोन स्वतंत्र गुण तंतोतंत जुळले पाहिजेत; उदाहरणार्थ, अचूक वजन व नळींतून बाहेर येण्याची वेळ. ह्या विषयांतील संशोधकांनीं २००७ सालीं एकत्र विचार करून ओळखीच्या चार पायऱ्या ठरविल्या. नमुन्याशीं ताडून पाहिलेली ओळख ही पहिली व सर्वांत भक्कम. नमुना न ताडतां ग्रंथांतील किंवा संग्रहांतील नोंदींवरून दिलेलें नांव हें केवळ संभाव्य, ती दुसरी. नुसती जात कळली पण व्यक्ति कळली नाहीं, ती तिसरी. आणि ज्याचें वजन दिसतें पण बाकी कांहींच कळत नाहीं, तें अज्ञात, ती चौथी. अज्ञातास अज्ञात म्हणण्यासाठीं एक स्वतंत्र पायरी राखून ठेवण्यांत ह्या शास्त्राचा प्रामाणिकपणा दिसतो.

याचा अर्थ असा नव्हे कीं, अचूक वजनाचें महत्त्व कमी आहे. हायड्रॉक्सिप्रोलीन व ल्यूसीन हीं दोन्ही अमिनो आम्लें ढोबळ वजनानें १३१ आहेत, आणि ढोबळ वजनावर चालणाऱ्या तपासणींत पहिल्याच्या आधिक्यामुळें दुसऱ्याशीं संबंधित अशा एका रोगाचा खोटा संशय येऊं शकतो. अचूक वजन पाहिल्यास एक १३१.०५८२ व दुसरें १३१.०९४६ असें तत्काळ निवडतां येतें. हजारों नांवांच्या यादींतून चुकीचीं बहुतेक नांवें एका क्षणांत खोडून टाकणें हें त्या तराजूचें खरें सामर्थ्य होय. एखादें द्रव्य अमुक नव्हे, हें तो ठामपणें सांगतो. तें अमुकच आहे, हें मात्र तो एकटा सांगूं शकत नाहीं.

हल्लीं रक्ताच्या एका चाचणींत पुष्कळ द्रव्यांचीं नांवें छापून देणारे अहवाल घरोघर येऊं लागले आहेत. असा अहवाल हातीं आला असतां घाबरून जाणें जसें अयोग्य, तसें तो निमूटपणें फडताळांत ठेवून देणेंही अयोग्य. नवजात बालकाच्या प्राथमिक तपासणींत संशय दर्शविला असेल, तर वैद्य सांगतील ती पुढील तपासणी व तात्पुरता उपचार ह्यांस क्षणाचाही विलंब लावूं नये. त्याबरोबरच घरच्या माणसांनीं तीन गोष्टी वैद्यांच्या कानीं घालाव्या व विचाराव्या. माता किंवा बालक यांनीं अलीकडे कोणतें औषध घेतलें अगर कोणतें मलम लावलें, हें आपण होऊन सांगावें. त्याच वजनाचें दुसरें एखादें द्रव्य असण्याचा संभव आहे काय, हें विचारावें. आणि ही ओळख शुद्ध नमुन्याशीं ताडून पाहिलेली आहे कीं केवळ संभाव्य आहे, हेंही विचारावें. असे प्रश्न विचारण्यांत वैद्यांवर अविश्वास दाखविल्यासारखें होत नाहीं. फोलिंग यांनीं हेच प्रश्न स्वतःस विचारले, आणि म्हणूनच त्यांच्या उत्तरावर आज नव्वद वर्षांनंतरही विसंबतां येतें.